वाइनमधली मिरी कोणी घातलेली नसते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नाशिकच्या वाइनवर मोठा लेख आला होता. त्यात शिराझ या लाल वाइनबद्दल दोन विधाने आहेत. एक, हे द्राक्ष इराणमधल्या शिराझ शहरातून जगभर गेले. दोन, तिला येणारा काळ्या मिरीचा वास ‘मसाल्याच्या मिश्रणातून’ येतो. दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसऱ्याचा मला थेट त्रास झाला. मी वाशीच्या मसाला बाजारात मिरीचा व्यापार करते. लेख आला त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने गाळ्यावर येऊन विचारले, ‘ताई, तुमची मिरी वाइनवाले नेतात का हो?’ विचारणारा माणूस गंभीर होता. छापून आलेल्या गोष्टीवर लोक विश्वास ठेवतात, म्हणून हे पत्र.

वडील मशीद बंदरला बसत. बाजार खाडीच्या अलीकडे आला तसा आमचा गाळाही आला. वायनाड, इडुक्की, कूर्ग, श्रीलंका, व्हिएतनाम, सगळीकडचा माल इथे येतो. एका लिटरच्या मापात बसणाऱ्या दाण्यांचे वजन, ओलावा, हलके दाणे किती, ही मोजमापे नंतरची. आधी चार दाणे ठेचून तळहातावर चोळायचे आणि नाकाशी धरायचे. मिरी ओळखण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे मिरीबद्दल चुकीचे छापून आले तर गप्प बसवत नाही.

आमच्या धंद्यात एक फरक पहिल्या वर्षातच कळतो. मिरीचा तिखटपणा वेगळा आणि वास वेगळा. जिभेला झोंबते ते पायपरीन. ते उडून जात नाही, म्हणून वर्षभर पडून राहिलेली मिरीही तिखट लागते. वास उडणाऱ्या तेलांचा असतो, आणि जुन्या मालात आधी तोच जातो. आता शिराझचा पेला घ्या. नाकाला मिरी येते, जिभेला मात्र झोंबत नाही. मिरी घातली असती तर झोंबली असती. एवढ्यावरूनच लेखकाला शंका यायला हवी होती.

मग तो वास येतो कुठून? द्राक्षाच्या सालीतून. तिथे रोटंडोन नावाचा एक पदार्थ तयार होतो. मिरीच्या दाण्यात मिरीचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यातही हाच पदार्थ आहे. मिरीसारखा दुसरा कुठला नव्हे, अगदी तोच रेणू. मिरीचा वेल आणि द्राक्षाचा वेल यांचे वनस्पतिशास्त्रात काही नाते नाही, पण हा एक पदार्थ दोघेही स्वतंत्रपणे बनवतात. ऑस्ट्रेलियाच्या वाइन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे प्रसिद्ध केले. त्याआधी कित्येक वर्षे वाइन चाखणारे ‘मिरी, मिरी’ म्हणत होते आणि कारण कोणाला ठाऊक नव्हते.

प्रमाण ऐकून मी थक्क झाले होते. लाल वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येतो. तेवढा टँकर वाइनने भरला तर त्यात मिरीचा वास यायला एका मिलिग्रॅमचा सहावा हिस्सा पुरे. मिरीच्या दाण्यात हे प्रमाण हजारो पटींनी जास्त असते. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात निघाली. साधारण पाचात एका माणसाला हा वास येतच नाही, कितीही हुंगले तरी. तेव्हा घरात एकाला मिरी जाणवली आणि दुसऱ्याला नाही, तर दुसऱ्याला कोणी अडाणी ठरवू नये.

आणि हे तर आपल्या लेखात यायलाच हवे होते. हा रेणू शास्त्राला आधी माहीत झाला तो ना मिरीतून, ना द्राक्षातून. तो नागरमोथ्यातून. दिवाळीच्या उटण्यात आपण जो नागरमोथा घालतो, शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून उपटून फेकतात, त्याच्या गाठींच्या तेलावर रसायनशास्त्रज्ञ सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले. सुख देव तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. चाळीस वर्षांनी त्याच रेणूचे नाव फ्रान्स-ऑस्ट्रेलियाच्या वाइनशी जोडले गेले. मराठी वाचकाला वाइनविषयी अभिमानाने सांगावे असे काही असेल, तर मला हे वाटते. बाटल्यांच्या किमती आणि मळ्यातल्या हॉटेलांची वर्णने दुसरीकडे पुष्कळ मिळतात.

आता मूळ गाव. या द्राक्षाचे फ्रान्समधले नाव सिरा. धर्मयुद्धावरून परतलेल्या एका सरदाराने ते पर्शियातून आणले आणि ऱ्होन नदीकाठच्या टेकडीवर लावून तिथेच संन्याशासारखा राहिला, अशी दंतकथा आहे. कथा गोड आहे, पण १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधल्या माँपेलिएचे जाँ-मिशेल बुर्सिको यांच्या डीएनए तपासणीत ती टिकली नाही. सिराचे एक पालक द्युरेझा, आर्देश भागातले काळे द्राक्ष. दुसरे मोंदूझ ब्लांश, साव्वा भागातले पांढरे. दोन्ही आग्नेय फ्रान्समधली, आपापल्या परिसराबाहेर फारशी कोणी न लावलेली. त्यांचा संकर तिथेच कुठेतरी आपोआप झाला. शिराझ शहरातही पूर्वी वाइन होत असे आणि ती नावाजलेली होती, पण या वेलीशी तिचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियात हे द्राक्ष गेले ते जेम्स बस्बीने १८३१-३२ च्या सुमारास युरोपातून नेलेल्या काड्यांबरोबर.

थंड हवेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि लेखात तो एका ओळीतही नाही.

माझ्या जावेचा मुलगा लियाँला शिकायला होता. तिथून दक्षिणेला ऱ्होनच्या काठाने गेले की कोत-रोतीचा उतार लागतो, मग एर्मिताजची टेकडी. तो तिथले सिराचे मळे पाहून आला होता. उतार इतके उभे की ट्रॅक्टर चढत नाही. दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या आणि एकेक वेल खुंटाला बांधलेला. हा भाग साधारण ४५ अक्षांशावर, आपले नाशिक २० वर. तिथे सूर्य पुरत नाही म्हणून मळे दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर, ऊन जास्तीत जास्त मिळावे म्हणून. वरून उत्तरेचा मिस्त्राल वारा. द्राक्ष कसेबसे पिकते, आणि त्या कसेबसे पिकण्यातच सगळी गंमत आहे. साखर हळूहळू भरते, रात्री थंड असल्याने आंबटपणा जळून जात नाही, आणि पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यांत सालीत रोटंडोन साठते. तापमान २५ अंशांच्या वर राहिले की ते कमी भरते, असे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत दिसले आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या ग्रॅम्पियन्स भागातल्या एकाच मळ्यात सावलीच्या, गार बाजूच्या घडांमध्ये ते उन्हातल्या घडांपेक्षा जास्त सापडले.

त्या मुलाने येताना क्रोझ-एर्मिताजची एक बाटली आणली होती. मी कधीमधीच घेते, पण त्या दिवशी आधी बराच वेळ नुसता वास घेत बसले. ताजी ठेचलेली मिरी, हिरवट कडेची. मागे थोडा धूर, खारवलेल्या काळ्या ऑलिव्हसारखे काही, आणि व्हायोलेट फुलांचा गंध. अंगाने हलकी, आंबटपणा सरळ आणि स्वच्छ. तिच्याशेजारी नाशिकची शिराझ ठेवली. ती गडद, पिकलेल्या जांभळाच्या वासाची, गोडसर वाटणारी, घशाशी ऊब देणारी. मिरी होती, पण दूर कुठेतरी. दोन्ही एकाच वेलीच्या. एवढा फरक हवेने पडू शकतो हे कळल्यावर मला लेखातल्या ‘मिश्रणा’चा जास्तच राग आला.

माझा मावसभाऊ दिंडोरी तालुक्यात वाइनची द्राक्षे पिकवतो. त्याने मला आपल्याकडचे गणित समजावले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि तोडा जानेवारी ते मार्च. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती उतरतो ते आपण दरवर्षी पहिल्या पानावर छापता. म्हणजे थंडी आपल्याकडे आहे. पण ती येते मणी वाढत असताना, आणि उशिराच्या बागांत द्राक्ष पिकायला लागते तेव्हा ऊन चढत असते. ऱ्होनकाठी नेमके उलटे. तिथे ऑगस्टच्या उन्हात रंग भरतो आणि सप्टेंबरच्या गार रात्रींत द्राक्ष पिकते. आमच्या वेलीत खोट नाही, ऋतूंचा क्रम वेगळा आहे. भाऊ पश्चिमेकडच्या बाजूची पाने काढत नाही, दुपारचे ऊन घडांवर पडू नये म्हणून. तोडा पहाटेच्या अंधारात दिवे लावून करतो. पण शेवटी त्याचा माल घेणारे साखरेचा आकडा बघतात. वासासाठी सावलीत वाढवलेल्या मालाला वेगळा भाव कोणी देत नाही, असे तो म्हणतो. मला हे पटत नाही. मिरीत आम्ही वासाला भाव देतो. मलबारी मिरीला भौगोलिक मानांकन आहे, मुलखाचे नाव सांगून ती विकली जाते. ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही मानांकन आहे, पण बाटलीवर मळ्याची उंची किती, तोडा कोणत्या महिन्यातला, हे सहसा सापडत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, कारण विचारायचे असते हेच त्याला कोणी सांगितलेले नाही. ते काम वर्तमानपत्राचे आहे.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा आपल्या याच सदरात कित्येक दिवस पत्रे येत होती. वाइन दारू आहे की नाही, मुलांवर काय परिणाम होईल, यावर लोक तळमळीने लिहीत होते. ती काळजी खरी आहे. आमच्या घरातही सासूबाईंना बाटली दिसलेली चालत नाही, आणि त्यांच्यासमोर मी ती ठेवत नाही. मी कोणाला पी म्हणत नाही. पण त्या सगळ्या पत्रांत द्राक्ष नव्हते, शेतकरीही जवळजवळ नव्हता. हापूसच्या मोहोरावर, कांद्याच्या भावावर, हळदीच्या लिलावावर आपले बातमीदार बारकाईने लिहितात. वाइनचे द्राक्ष त्याच मातीत उगवते. वाइनची बातमी मात्र एकतर गुन्ह्याच्या पानावर येते, नाहीतर चैनीच्या पुरवणीत.

तेव्हा विनंती दोन. मसाल्याच्या मिश्रणाच्या आणि इराणच्या विधानांची दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर छापावी. आणि येत्या हंगामात शेतीची बातमी करणाऱ्या कोणाला तरी फेब्रुवारीत पहाटे दिंडोरीकडे पाठवावे. शेतकऱ्याला विचारावे की घड सावलीत होता की उन्हात, रात्रीचा पारा किती होता, आणि साखरेशिवाय दुसऱ्या कशासाठी त्याला कधी पैसे मिळाले का.

आपली,
मिरीची एक व्यापारी
सानपाडा, नवी मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये.)