हिरड्यांचं आता लांबवू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, मागच्या खेपेला तुम्ही भाकरीचा पापुद्रा आमटीत भिजवून एकाच बाजूने चावत होतात. बेसिनमधला फेस गुलाबी दिसला, तर म्हणालात, "ब्रश कडक आहे." रक्त पातळ करणाऱ्या गोळीने रक्त लवकर येतं हे खरं, पण हिरड्यांची सूज आणि तोंडाचा वास त्या गोळीने येत नाही. मला हा पायरिया वाटतो. हृदयात स्टेंट असताना तो अंगावर काढू नका.

दात आणि हिरडीच्या फटीत जंतू साठतात, हिरडी सुजते आणि आतलं हाड झिजत जातं. चावताना, ब्रश करताना तिथले जंतू रक्तात शिरतात. रक्तवाहिन्यांत साचलेल्या चरबीच्या थरांतसुद्धा या जंतूंचे अंश सापडलेत. शिवाय तोंडातली सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली, की तिचे परिणाम रक्तातून सगळीकडे पोचतात.

१९८९ साली फिनलंडमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे दात तपासले, ते इतरांपेक्षा जास्त खराब निघाले. पुढे २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तोवरचा सगळा पुरावा पाहिला. धूम्रपानासारखी हिरड्या आणि हृदय दोन्ही बिघडवणारी कारणं बाजूला काढली तरी पायरिया आणि हृदयविकाराचा संबंध उरतो, असं त्यांनी सांगितलं. पण पायरियामुळेच हृदयविकार होतो, किंवा हिरड्या बऱ्या केल्या की अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही, असंही त्यांनी स्पष्ट म्हटलं. तुम्हाला घाबरवून डॉक्टरकडे धाडायचं नाही, म्हणून हेही लिहिते. दात टिकावेत, नीट जेवता यावं, एवढं कारणही मला पुरेसं आहे.

साफ केले की दात ढिले होतात, हे तुमच्या मनात पक्कं बसलंय. दात ढिले होतात ते हाड झिजल्यामुळे. वर्षांचं किटण निघालं आणि सूज उतरली, की आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, इतकंच.

आई, आता तुझ्याशी. तव्यावर भाजलेली मिश्री म्हणजे तंबाखूच. हिरड्या आणि हृदय, दोन्हींना ती बाधते. तंबाखूने हिरडीतलं रक्त कमी दिसतं, त्यामुळे "मला कुठे काय होतंय" यावर विसंबू नकोस. तुला मधुमेह आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरलेली अभ्यासांत दिसली आहे. तूही बाबांबरोबर तपासून घे.

जाताना अँजिओप्लास्टीची फाइल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. बाबांच्या बीपीच्या गोळीत अम्लोडिपिन आहे, त्याने काहींच्या हिरड्या वाढतात, ते दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. स्टेंट असताना ते धोक्याचं आहे. हृदयाच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा.

शनिवारची संध्याकाळची वेळ तुमच्या दोघांच्या नावाने घेऊन ठेवली आहे. पैशांचा विषय काढू नका.

तुमची,
ताई