टिनाचं शेड झाकायचं, तर आधी सांगाडा

संपादक महोदय,

मृगाचा पाऊस झाला की नागपुरातल्या रोपवाटिकांमध्ये वेलींचा खप वाढतो. मागच्या अंगणातलं टिनाचं शेड, पंपघर, कूलर ठेवायची खोली झाकायची असते. रोप आणून थेट टिनाच्या बुडाशी लावतात आणि पुढच्या नवतप्यात ते करपलं की दोष नागपूरच्या उन्हाला! मधुमालती, बोगनवेल इथलं ऊन सोसतात. कोवळे शेंडे भाजतात ते तापलेल्या टिनाला टेकल्यामुळे.

म्हणून आधी सांगाडा. टिनापासून अर्धा फूट अंतर सोडून दर 6 फुटांवर लोखंडी अँगल दीड फूट खोल गाडून काँक्रीटने पक्के करावेत. त्यांवर एकेक फुटावर 12 गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार आडवी ताणावी. तारेच्या एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) हवाच, कारण वेलीच्या ओझ्याने तार सैल पडते. बांबू स्वस्त खरा, पण बुडाशी उधई लागते. टिनालाच खिळे ठोकणं तर नकोच. भोकातून पाणी गळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

खड्डा शेडपासून दीड फूट दूर घ्यावा, नाहीतर पन्हाळीची धार मुळांवरची माती धुऊन नेते. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी दीड फूट. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग रेती असं मिश्रण भरावं, भर जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवावी. तळाशी विटांचे तुकडे घालायची पद्धत आहे. काळ्या मातीत त्याचा उपयोग नाही, पाणी तिथेच साचतं.

पश्चिमेच्या भिंतीला मधुमालतीला तोड नाही. 10 फुटांना एक रोप पुरतं. ती भरेपर्यंत मधे गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून पेरावं. थंडीत केशरी फुलं हवी असतील तर संक्रांतवेल. बोगनवेल आपणहून चढत नाही, बांधावी लागते. रोज पाणी दिलं तर नुसता पाला येतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते वळण देण्यात. शेंडा सरळ वर जाऊ दिला की हिरवळ छपरावर आणि खाली नुसत्या काड्या, म्हणजे झाकायचं तेच उघडं. पहिल्या वर्षी फांद्या आडव्या तारांवर पसराव्यात, सुतळीने सैल बांधाव्यात. छपरावर गेलेली फांदी लगेच कापावी, नाहीतर पाला पन्हाळीत अडकून टिन सडतं. मधुमालतीची छाटणी फेब्रुवारीत, संक्रांतवेलीची बहर ओसरल्यावर.

एप्रिलपासून पावसापर्यंत दिवसाआड सकाळी 10 लिटर पाणी, बुडाशी तीन इंच वाळका पाला, आणि पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून हिरवी जाळी. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र रोज ओतू नये. त्यात क्षार साठलेले असतात, पानांच्या कडा जळतात आणि आपण समजतो ऊन लागलं.

पंपाच्या स्टार्टरसमोरचा दोन फुटांचा भाग मोकळा सोडावा. रात्री मोटार बंद करायला जाणाऱ्याने पाल्यात हात घालणं बरं नव्हे.

– एक वाचक, नागपूर