काका, कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक आहे

ती. काका,
शि. सा. न.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही “ठेव आता” म्हणून फोन काकूंच्या हातात देता आणि पुढची पंधरा मिनिटं मी फणसाबद्दल ऐकते. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून टाकते. घरात कुणीतरी वाचून दाखवेलच, आणि वाचणाऱ्याला मध्येच “ठेव” म्हणता येणार नाही.

सावरकरनगरच्या आपल्या इमारतीत तुम्ही पहिल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. इतक्या वर्षांत आपलं बोलणं दोनच विषयांवर झालं असेल: पाणी आलं का, आणि पाणी गेलं का. तुम्ही वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होतात हे ऐकून होते. पॅटर्न म्हणजे काय, हे मात्र त्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं.

त्या रविवारी घरात चार चपटी खोकी होती. त्यातून प्रत्येकी ८० सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशी दोन कपाटं निघायची आणि शेजारी शेजारी एकमेकांना जोडायची. जोडून देणारा माणूस दोनदा वेळ देऊन फिरकला नव्हता. आई म्हणत होती सुताराला बोलाव. मी म्हटलं, डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याला आयकिया, ते घरी जोडायचं फर्निचर विकणारं दुकान, उघडलं तेव्हापासून अर्धी नवी मुंबई घरी बसून एलन की फिरवतेय, मग ठाण्यालाच काय धाड भरली आहे?

चार वाजेपर्यंत पहिलं कपाट उभं होतं. बोट लावलं की डुलत होतं. मागचा हार्डबोर्डचा पत्रा वर खाचेत बसायचा, तर खाली एका कोपऱ्यात बोटभर फट. मी हातोडी घेतली. आणि दार वाजलं.

तुम्ही मदतीला आला नव्हतात, काका. भर दुपारच्या झोपेत हातोडी ऐकून भांडायला आला होतात, हे मी विसरलेले नाही. पण कपाट बघितलंत आणि भांडण बाजूलाच राहिलं. “काय गो, ह्यां कपाट आसा काय झोपाळो?” मग स्टूल ओढून बसलात, हाताची घडी घातलीत आणि म्हणालात, “सगळा सोड.”

पाच तासांचं काम! मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही एकाही पेचाला हात लावला नाहीत. तेव्हा राग आला होता.

सोडताना माझे प्रताप एकेक करून बाहेर आले. एक बाजूची फळी उलटी लावली होती, पट्टी न चिकटवलेली उघडी कड दर्शनी बाजूला. लाकडी गुल्ल्या अर्ध्या भोकांत घातल्याच नव्हत्या, कारण मिनिफिक्स, म्हणजे दोन फळ्या जोडणारी पिन आणि चकती, आवळल्यावर सांधा तसाही घट्ट वाटत होता. तुम्ही एक चकती तळहातावर घेऊन दाखवलीत. तिच्यावरचा बाण आधी कडेकडे, म्हणजे पिन जिथून आत येते तिकडे असायला हवा. मग साधारण अर्धा फेरा, की चकती पिनेचं डोकं पकडून फळी ओढून घेते. तिचं काम एवढंच, ओढून धरणं. वरून येणारा भार पेलते ती आठ मिलिमीटरची गुल्ली. मी भार पेलणाऱ्यांना खोक्यात ठेवून ओढणाऱ्यांना पिळत बसले होते. एका चकतीभोवती तर भुश्याची फळी फुगून फुटायला आली होती. तिथे फेविकॉल घालून ती रात्रभर दाबून ठेवायला लावलीत.

आणि ती मोजपट्टी! बाजूच्या फळ्यांवर भोकांची रांग होती. माहितीपत्रकात दोन भोकांतलं अंतर ३२ मिलिमीटर लिहिलेलं, म्हणजे दहा अंतरांचे ३२० व्हायला हवेत. तुम्ही खालून आणलेल्या स्टीलच्या पट्टीवर ३१७ भरले. मी लगेच, बघा, मालच खोटा. तुम्ही पहिल्यांदा हसलात. खोटी तुमची पट्टी होती. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतायचा साचा बनतो तो नमुना, तेवढा मोठा करायचा, आणि दरवेळी हिशेब नको म्हणून पट्टीवरचे मिलिमीटरच तेवढे मोठे आखायचे. जन्मभर तुम्ही मुद्दाम चुकीच्या पट्टीने बरोबर मापं घेतलीत. मला अजून या गोष्टीचं नवल वाटतं. ऑफिसात चहाच्या वेळी मी ती निदान चार जणांना ऐकवली आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाट पुन्हा उभं केलं, या खेपेला जमिनीवर आडवं ठेवून जोडून. पत्रा ठोकायच्या आधी तुम्ही कर्ण मापायला लावलेत. एक २१६, दुसरा २१४.८ सेंटिमीटर. लांब कर्णाची दोन टोकं मी आणि आईने एकमेकींकडे दाबली आणि दोन्ही २१५.४ वर आले. मग पत्रा कसा सरकला! कपाटाला काटकोनात धरून ठेवतो तो हाच तीन मिलिमीटरचा पत्रा. मी त्याला धूळ अडवणारा पडदा समजत होते.

कपाट भिंतीला बांधायची पट्टी लावायला मी कंटाळले होते. तुम्ही तीनही खण एकदम बाहेर ओढलेत आणि मोकळं उभं कपाट पुढे झुकताना दाखवलंत. माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा. मुकाट्याने ड्रिल आणलं. भुकटी आधी राखाडी, मग तांबडी आली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “आता विटेत गेला, घाल गिट्टी.”

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. तुम्ही सावंतवाडीला, आम्ही कळव्याला भाड्याने. टेम्पोवाला म्हणाला, ही कपाटं उघडली की पुन्हा उभी राहत नाहीत, भंगारात द्या. मी प्रत्येक फळीवर पेन्सिलीने डा, उ, व, खा लिहिलं, पेच डब्यांतून वेगळे ठेवले आणि कळव्यात दोन रात्रींत दोन्ही उभी केली. बिजागरीची तीन भोकं सैल झाली होती, त्यांत फेविकॉल लावलेल्या काड्या ठोकल्या. आई स्टुलावर बसून होती, हाताची घडी घालून. तुमची सवय तिला लागली आहे.

खोटी पट्टी सामानात माझ्याकडे आली. गणपतीत येताना आणते. इथली फरशी खिडकीकडे उतरती आहे, म्हणून सनमायकाची पाचर घातली आहे. कर्ण मापले, दुसऱ्या कपाटात दोन मिलिमीटरचा फरक राहिलाय. पत्रा बसला, पण तुम्हाला सांगितलेलं बरं.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची