भुऱ्याला आधी दवाखान्यात ने

बाळू,

काल फोनवर लईच तणतणत होतास, भुऱ्या बोका गादीवर मुतायलाय, घरमालक वासापायी कटकट करायलेत, आता नेऊन शेतातच सोडतो म्हणून. तवा काही ऐकायच्या मूडमधी नव्हतास, म्हणून आता निवांत लिहायलेय.

तो खुन्नस काढत नाहीये बरंका. एकतर त्याला लघवीचा त्रास आहे नाहीतर त्याचा हगा-मुतायचा डब्बा पसंत नाही, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. आणि तो बोका आहे, बोक्याची मूत्रनळी लई बारीक असती, त्यात खडे नाहीतर गाळ अडकला की लघवी तुंबते. सारखा सारखा बसायलाय, ओरडायलाय आणि थेंब थेंबच यायलंय किंवा काहीच येईना, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नको, एक-दोन दिवसात जीव जातो त्यात. चादरीवर लालसर झाक दिसते का तेपण बघ. दुखतंय म्हणून आपल्यातली पॅरासिटामॉल देशील, अजिबात नको, मांजराला ती विषच. परभणीतच तर व्हेटर्नरी कॉलेज आहे तुझ्या, दुष्काळाच्या साली, 1972 ला निघालेलं, तिथं ने, लघवी तपासून घे.

उभा राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर पिचकारी मारत असंल तर ते वेगळं, ती हद्द आखायची खोड, नसबंदी केली की बहुतेक बोक्यांची जाते.

आता तुझ्या डब्याचं. दिवाळीत आले होते तवा बघितलाय मी तो, वॉशिंग मशीनच्या मागं, झाकणाचा, एवढासा, आणि त्यात ते अत्तरासारखं घमघमणारं लिटर, म्हणजे डब्यात टाकायची ती वाळू! मशीन धडधडायला लागलं की त्यानं तिथं बसावं तरी कसं? अंगाच्या दीडपट लांब असा उघडा टब आण, बिनवासाचं बारीक लिटर दोन इंच टाक, घाण रोज काढ (रोज म्हणजे रोज, तुझ्या भांड्यांसारखं नाही), आणि शांत कोपऱ्यात ठेव, खायच्या वाटीपासून लांब. एका मांजराला दोन डबे म्हणतात डॉक्टर लोक, जागा असंल तर ठेव. इथल्या मांजरींना परसातली माती हाय उकरायला, त्याला तिथं मऊ काय तर तुझी गादी.

फिनाईल बंद कर आजपासून. पायाला लागतं, मग चाटलं की पोटात जातं आणि मांजराच्या लिव्हरला ते पचत नाही. अमोनियावालं क्लीनर पण नको, त्याला मुताचाच वास, हा परत तिथंच बसणार. एन्झाइमवालं मिळतं ऑनलाइन, ते चांगलं मुरू दे, वरवर पुसून भागत नाही. आणि त्याच्यावर ओरडू नको, नाक तर मुळीच घासू नको, भ्यालं की अजून लपून मुतंल.

पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेव, सुकं खाणं कमी करून ओलं दे, मांजर मुळातच पाणी कमी पितं आणि परभणीचं ऊन तुला काय सांगायचं.

नेताना गाडीवर मांडीत धरून नेऊ नको, झाकणाच्या बास्केटमधी ने. डॉक्टर काय म्हणले ते रात्री कळव, आणि गादी मी आले की उसवून धुते, फेकू नको.

तुझी आई