वाड्यातल्या भुताबद्दल

प्रिय आई-बाबा,

दादानं वाड्याच्या बुकिंगसाठी टाकलेली नवीन पोस्ट काल बघितली, 'रात्री पांढऱ्या लुगड्यातली बाई फिरते, हिंमत असेल तर एक रात्र काढून दाखवा', आणि बाबा, मला लई वाईट वाटलं ओ. गेस्ट यायला पाहिजेत हे कळतंय, शुक्रवार पेठेत 2019 च्या पुरात भिंतींनी पाणी धरलं तेव्हापासून खर्च संपत नाहीये. पण ही बाई म्हणजे आपली आत्याआजीच ना? लहान वयात विधवा होऊन माहेरी आली, तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं, सगळा वाडा तिनं सांभाळला, आणि आता तिला लोकांना भ्या दाखवायला उभी करायची?

मागं पोराच्या क्लाससाठी कोटाला गेलेले तेव्हा तिथल्या ब्रिजराज भवनची गोष्ट ऐकली. ती जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी, पुढं हॉटेल झालं. रिक्षावाल्यापासून सगळे सांगतात की तिथं मेजर बर्टनचं भूत आहे, रात्री डुलकी घेणाऱ्या वॉचमनला थोबाडीत देतंय. पण 1857 च्या उठावात, 15 ऑक्टोबरला, तिथंच त्याला आणि त्याच्या दोन मुलांना मारलं होतं, हे मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. इंग्रज अधिकारी होता, आपला कोण लागत नाही, तरी बाप आणि दोन पोरं जिथं गेली त्या जागेचं नाव थोबाडीतीवरनं निघतंय हे मला पटलं नाही. आत्याआजी तर आपल्या घरची.

आणि आवाजाचं म्हणाल तर दिवसभर तापलेले पत्रे नि तुळया रात्री गार होताना कडकड वाजतात, माळ्यावर उदमांजर पळतंय, आई तूच तर दाखवलं होतंस. गेस्टनं विचारलं तर हेच सांगा की. ऐकायला बसले तर पूर कुठवर चढला ती भिंतीवरची खूण दाखवा, आत्याआजी चुलीवर पांढरा रस्सा कसा करायची ते आई तू सांग, तुझ्याएवढं ते कुणाला माहीत नाही.

बुकिंग थोडं कमी झालं तर कौलांचे पैसे मी देते, त्याचं टेन्शन घेऊ नका. पोस्ट मात्र काढायला सांगा, मी सांगितलं तर दादा चिडतो, बाबा तुमचं ऐकेल.

तुमची,
माई