चोडणच्या म्हातारीसाठी, बाई, तुमचे आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

माझी चोडण बेटावरच्या म्हातारीची कथा दिवाळी अंकात आली. पणजीपासून पेडण्यापर्यंत ओळखीचे लोक फोन करून म्हातारीचं कौतुक करताहेत, आणि ते ऐकताना मला तुमची लाल शाई दिसते आहे. जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. रागवा हवं तर.

कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, निवेदन ही यादी आम्ही सगळ्यांनीच परीक्षेपुरती पाठ केलेली. पणजीतल्या पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तुम्ही माझे कागद पुढ्यात घेऊन बसायचात, तेव्हा यादीचं नावही काढत नव्हता. विचारायचात फक्त, "का?"

माझी म्हातारी घराच्या विक्रीखतावर सही करायला पणजीला निघते, तिची चोडणची फेरीबोट चुकते आणि ती घरी परतते. तुम्ही म्हणालात, "अगं, रायबंदरला जाणाऱ्या बोटी एकामागून एक असतात. एक चुकली म्हणून कोणाचा दस्त अडत नाही. तिनंच सोडली असेल तर?" झालं. मुलगे पलीकडे वाट पाहताहेत, आणि ही धक्क्यावर बसून एकेक बोट जाऊ देते आहे. खलनायक नाही, भांडण नाही, तरी संघर्ष उभा राहिला.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत सांगितलेला फरक मग तुम्ही समजावलात. राजा मेला आणि नंतर राणी मेली, ही नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेत कथानकाला पहिला मान दिला आणि पात्रांना दुसरा, हेही तुम्हीच सांगितलंत, वर "मला पटत नाही" असा शेराही मारलात. मलाही पटत नाही. म्हातारी तशी हट्टी नसती, तर बोटी सुटल्याच नसत्या.

सगळ्यात जास्त ऋण मात्र नजरेचं. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटी, बगळे, दुर्बिणी घेऊन आलेले पर्यटक यांवर मी दीड पान लिहिलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "हे कोण बघतंय?" जन्म चोडणात काढलेली बाई बगळे कशाला बघेल? ती बघेल कोणाच्या पिशवीतून बांगड्यांची शेपटी बाहेर आली आहे ते, आणि बोटीतला पोऱ्या कोणाचा नातू ते. निवेदन तृतीयपुरुषीच राहिलं, पण तिच्या डोळ्यांना चिकटलं. दीड पानाच्या चार ओळी झाल्या.

संवादांबद्दल मी घाबरत होते. निवेदन मराठी आणि बोटवाला कोकणीत "खंय वता गो?" विचारतो, हे पुण्याच्या वाचकाला कळेल का? "न कळायला काय झालं?" म्हणून तुम्ही विषयच मिटवलात. अंकाच्या संपादकांनीही त्या ओळीला हात लावला नाही.

नवा खर्डा सोबत पाठवते आहे. यात माशेलातल्या जुन्या घराचं वर्णन लांबलचक आहे, आणि या खेपेला ते मुद्दाम ठेवलं आहे. घर हेच पात्र आहे, असं माझं म्हणणं. लाल शाई भरून ठेवा; भांडायला येतेच आहे.

तुमची,
शेवटच्या बाकावरची