तिसऱ्या किलोवॅटचा मोह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’च्या अनुदानाची चर्चा सध्या कोल्हापुरात गल्लोगल्ली ऐकू येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत घराच्या छतावरील सौर संचासाठी पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. ही रक्कम लहान नाही. परंतु ‘पूर्ण सबसिडी’ पदरात पडावी म्हणून गरज नसताना तीन किलोवॅटचा संच घेण्याची चढाओढ पाहिली, की अनुदान पैसे वाचवण्यापेक्षा खर्चच करायला लावते की काय, अशी शंका येते.

आमच्या घरचा वापर महिन्याला सरासरी १९० युनिट आहे. घरी आलेल्या विक्रेत्याने बिल न पाहताच तीन किलोवॅटचे कोटेशन पुढे केले : १,९०,००० रुपये, अनुदान वजा जाता १,१२,०००. दोन किलोवॅटचा दर विचारल्यावर त्याने काहीशा नाखुशीने १,३५,००० सांगितला, म्हणजे अनुदानानंतर ७५,०००. तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये सरकारने दिले, तरी माझ्या खिशातून ३७,००० जाणारच होते.

त्या ३७,००० रुपयांतून मिळणार काय? एक किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट वीज देतो. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिट स्वस्त असतात आणि त्यापुढची बरीच महाग. आमच्या बिलातली महाग युनिट पहिल्याच किलोवॅटने जवळजवळ पुसली जातात, दुसऱ्याने उरलेली स्वस्त युनिट जातात आणि तिसऱ्याला पुसायला काही शिल्लकच राहत नाही. स्थिर आकार तर संच कितीही मोठा असला तरी भरावाच लागतो.

‘पावसाळ्यासाठी जादा हवाच,’ असे विक्रेते सांगतात. आपल्याकडे आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, हे खरे. पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे महावितरणला दिलेली वीज तिच्याकडून घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, एप्रिल-मे महिन्यांतील जादा युनिट खात्यावर जमा राहून जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येतात. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि तेव्हा उरलेल्या युनिटांना आपण बिलात भरतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून वर्षभराच्या वापराएवढाच संच फायद्याचा ठरतो. ज्यांच्याकडे एसी आहे किंवा वापर तीनशे युनिटांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी तीन किलोवॅट योग्यच आहेत. त्यांची गुंतवणूक लवकर वसूल होते.

आणखी एक गोष्ट कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असते. गच्चीवर कपडे-पापड वाळवायला जागा राहावी म्हणून पॅनेल उंच सांगाड्यावर हवे असतील, तर त्याचे पैसे वेगळे पडतात आणि अनुदान मात्र तेवढेच राहते. शिवाय अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यानंतर बँक खात्यात जमा होते. तोवर पूर्ण रक्कम उभी करावी लागते किंवा कर्ज काढावे लागते.

प्रत्येक कोटेशनवर ग्राहकाच्या मागील बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज आणि त्यावरून निघणारी संचाची क्षमता लिहिणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. मागील वापराचा तक्ता बिलावर छापलेला असतोच; विक्रेत्याला फक्त बेरीज करायची आहे.

आपला,
एक वीजग्राहक, राजारामपुरी, कोल्हापूर